जपानी नेत्सुके व त्यांतील काष्ठप्राणी

१

जपानच्या एदो कालखंडात (इ. स. १६०३–१८६८) पुरुषांच्या कमरपट्ट्याच्या वरच्या काठाशी जी एक लहान कोरीव वस्तू दिसत असे, तिला 'नेत्सुके' म्हणतात. बहुधा तीन ते पाच सेंटिमीटर उंचीच्या या वस्तू आज जगातील अनेक वस्तुसंग्रहालयांत काचेआड मांडलेल्या आढळतात, आणि 'लघुशिल्प' या एका शब्दात त्यांचे वर्णन आटोपले जाते. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. देव, ऋषी, राक्षस, मुखवटे, फळे, भाज्या असे नेत्सुकेचे अनेक विषय आहेत. त्यांपैकी लाकडात कोरलेल्या प्राण्यांपुरताच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. अशा प्राण्याचा काळ व अर्थ ठरविताना संग्राहक आणि सूचिकार प्रथम त्याच्या तळाशी कोरलेली सही पाहतात. सहीपेक्षा अधिक भरवशाच्या तीन साक्षी त्या वस्तूतच असतात, असे येथे दाखवावयाचे आहे. त्या साक्षी म्हणजे वापर, लाकूड आणि शब्द.

आरंभ नावापासूनच करणे योग्य होईल. 'ने' म्हणजे मूळ, आणि 'त्सुके' हे 'जोडणे, लावणे' या अर्थाच्या 'त्सुकेरु' या क्रियापदापासून झालेले नामरूप. जिच्याशी दोरीचे मूळ जोडले जाते ती वस्तू, असा या शब्दाचा सरळ अर्थ लागतो. वनस्पतींच्या मुळांचे गोमटे तुकडे आरंभी या कामी वापरीत, म्हणून हे नाव पडले, अशीही एक उपपत्ती सांगितली जाते. कोणतीही उपपत्ती स्वीकारली तरी एक गोष्ट स्पष्ट होते. या नावात कोरीव कामाचा वा सौंदर्याचा उल्लेख नाही. नाव देणाऱ्यांच्या दृष्टीने ती एक उपयोगाची वस्तू होती.

२

तो उपयोग असा. जपानी किमोनोला खिसे नसतात. रुंद बाह्यांच्या घोळात किरकोळ वस्तू ठेवता येत. परंतु पैशांचा बटवा, औषधाची डबी, तंबाखूची पिशवी अशा नित्य लागणाऱ्या वस्तूंना ती जागा सोयीची नव्हती. खिसा नसलेल्या वेषात माणूस कमरेचा आश्रय घेतो, हे आपल्याकडील कनवट, कमरेचा बटवा आणि पानतंबाखूची चंची यांवरून मराठी वाचकास सहज पटेल. जपानी पुरुष या वस्तू दोरीने कमरेला लटकवीत, आणि त्यांना 'सागेमोनो' म्हणजे 'लोंबत्या वस्तू' असे सामुदायिक नाव होते. दोरी 'ओबी' म्हणजे कमरपट्ट्याच्या आतून वर घेत. तिच्या खालच्या टोकाला डबी वा पिशवी असे, आणि वरच्या टोकाला पट्ट्यातून निसटू न देणारा अटकाव. हा अटकाव म्हणजेच नेत्सुके. दोहोंच्या मध्ये दोरीवर मागेपुढे सरकणारा 'ओजिमे' नावाचा मणी असे, व तो खाली सारला की डबीचे झाकण घट्ट बसे.

लोंबत्या वस्तूंत 'इनरो' ही एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांची लाखेची डबी सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्या नावाचा मूळ अर्थ 'मुद्रेची करंडी' असा असला, तरी पुढे ती मुख्यतः औषधे ठेवण्यासाठी वापरली जाऊ लागली. नेत्सुकेचा प्रसार समाजाच्या सर्व थरांत होण्यास मात्र तंबाखूचे व्यसन अधिक कारणीभूत झाले असावे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या संपर्कातून तंबाखू जपानात आली, असे सामान्यतः मानले जाते. त्या काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील व्यापाराचे मुख्य ठाणे गोवा हे होते, व तेथून मलाक्का आणि मकावमार्गे जहाजे जपानला जात. जपानी 'ताबाको' आणि आपला 'तंबाखू' हे दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी अखेर त्याच पाश्चात्त्य शब्दापाशी पोचतात. पुढे व्यापारी, शेतकरी, कारागीर असे सर्वच लोक तंबाखूची पिशवी आणि नळी कमरेला बाळगू लागले, आणि प्रत्येक पिशवीला एका नेत्सुकेची गरज पडली.

या उपयोगाने प्राण्याच्या आकारावर कडक बंधने घातली. पट्ट्याच्या रेशमात अडकेल असा टोकदार अवयव चालणार नव्हता. धक्क्याने मोडेल असा नाजूक अवयवही चालणार नव्हता. म्हणून नेत्सुकेतील उंदीर आपले शेपूट अंगाभोवती गुंडाळून घेतो, बैल पाय पोटाखाली घेऊन बसतो, आणि चरणारा घोडा चारी खूर एका बिंदूवर आणून मान खाली घालतो. घोडा असा कधी उभा राहत नाही. तरीही पाहणाऱ्यास तो कृत्रिम वाटत नाही, यात कारागिराचे कौशल्य आहे. दोरी ओवण्यासाठी 'हिमोतोशी' नावाची दोन छिद्रे असत. त्यांपैकी एक बहुधा मोठे करीत, म्हणजे दोरीची गाठ आत लपे. निष्णात कारागीर कित्येकदा छिद्रे पाडण्याऐवजी पाय आणि पोट यांमधील, किंवा शेपूट आणि पाठ यांमधील पोकळीचाच उपयोग करून घेई. वस्तू हातात फिरवून पाहिली जाणार असल्यामुळे तळही कोरलेला असे. बसलेल्या वाघाचे पंजे आणि पोटाखाली दुमडलेले खूर तेथे तपशिलाने दिसतात. उभे करून ठेवण्याच्या शिल्पात सहसा न दिसणारी ही बाजू आहे.

वापराची दुसरी खूण म्हणजे झीज. वर्षानुवर्षे पट्ट्याला आणि बोटांना घासल्याने लाकडाची उंच ठिकाणे गुळगुळीत होतात, छिद्रांच्या कडा दोरीने झिजतात, आणि पृष्ठभागाला एक खोल चकाकी येते. जपानी रसिक या गुणाला 'आजी' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'चव' असा आहे. कृत्रिम झीजही करता येते, हे खरे. परंतु खरी झीज सर्वत्र सारखी नसते. पट्ट्याला टेकणारी बाजू, अंगठा फिरणारी पाठ आणि दोरीचा ताण पडणारी कड यांवर ती वेगवेगळ्या प्रमाणात पडते. ज्या नकलेत खोलगट भागही उंच भागाइतकाच झिजलेला असतो, तिला ही कसोटी लावता येते.

३

नेत्सुकेंच्या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे जुने साधन म्हणजे इ. स. १७८१ मध्ये ओसाका येथे प्रसिद्ध झालेला 'सोकेन किशो' हा ग्रंथ. इनाबा त्सूर्यू याने तो मुख्यतः तलवारींच्या साजासंबंधी लिहिला. सातव्या व शेवटच्या खंडात मात्र त्याने पन्नासाहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद केली आहे. नेत्सुके कोरणे हा त्या काळी सर्वांचाच स्वतंत्र धंदा नव्हता. ते काम करणाऱ्यांत बुद्धमूर्ती घडविणारे होते, मुखवटे कोरणारे होते, आणि लाकडाचे कृत्रिम दात तयार करणारेही होते. ओसाकाचा योशिमुरा शूझान हा तर चित्रकार होता. तो सरूच्या कुळातील हिनोकी वृक्षाच्या लाकडात नेत्सुके कोरून त्यांवर रंग देई, व त्यावर सही करीत नसे. त्याच्या नावावर आज दाखविल्या जाणाऱ्या वस्तूंची संख्या पाहता सहीचा अभाव हाही नकलाकारांच्या पथ्यावर पडला, असे म्हणावे लागते.

क्योतो येथील तोमोतादा, मासानाओ व ओकातोमो हे प्राणी कोरणारे श्रेष्ठ कारागीर अठराव्या शतकात होऊन गेले. त्यांचे पुष्कळ काम हस्तिदंतात आहे. हस्तिदंत ही परदेशातून येणारी वस्तू होती, आणि तीही मर्यादित प्रमाणात. लाकूड मात्र प्रत्येक प्रांताचे आपापले होते, आणि त्यामुळे काष्ठप्राण्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी राजधानीबाहेरील गावांचा इतिहास आहे. ईसे येथील महान तीर्थक्षेत्राजवळ यामादा गावी सुझुकी मासानाओ (१८१५–१८९०) व त्याच्या वंशजांनी तेथील आसामा डोंगरावरील 'त्सुगे' लाकडात बेडूक व भेक कोरले. त्सुगे म्हणजे बॉक्सवुडच्या जातीचे लाकूड; ते फार हळू वाढते, आणि म्हणूनच घट्ट व बारीक कणांचे असते. केसाएवढी रेघही त्यावर उठते. हिदा प्रांतातील ताकायामा येथे मात्सुदा सुकेनागा (१८००–१८७१) याने 'इचीई' वृक्षाचे लाकूड निवडले. ताशीव पैलू तसेच राहू देण्याची त्याची पद्धत होती. लाकडातील गडद व फिकट थरांचा तो रंगासारखा उपयोग करून घेई. तांबा प्रांतातील नाइतो तोयोमासा (१७७३–१८५६), नागोया येथील इक्कान (१८१७–१८९३) आणि त्सू येथील तानाका मिन्को (१७३५–१८१६) हेही काष्ठशिल्पीच होत. इक्कानचे उंदीर आणि मिन्कोचे वाघ आजही आदर्श मानले जातात. वाघ हा जपानात आढळणारा प्राणी नव्हे. मिन्कोसारख्या कारागिरांना तो चित्रांवरून आणि परदेशातून आलेल्या कातड्यांवरून कल्पावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वाघांच्या मांजरासारख्या चेहऱ्याचा उलगडा होतो.

पश्चिमेकडील इवामी प्रांतात शिमिझु तोमिहारु (१७३३–१८१०) याने एक निराळीच परंपरा निर्माण केली. कोळी, गोम, बेडूक असे सहसा दुर्लक्षिले जाणारे जीव त्याने काळ्या लाकडात आणि रानडुकराच्या सुळ्यात कोरले, व त्यांवर आपले नाव, स्थळ व काळ सांगणारे लांबलचक बारीक लेख उठविले. त्याची मुलगी बुन्शोजो (१७६४–१८३८) ही त्याच परंपरेत नावारूपास आली. स्त्री-कारागिरांची नावे अत्यंत विरळ असलेल्या या क्षेत्रात तिचे स्थान विशेष आहे. उठावाच्या कामासाठी 'उकीबोरी' नावाची एक युक्ती वापरीत. जेथे उंचवटा हवा तेथे बोथट हत्याराने लाकूड दाबून खड्डा करावयाचा, मग भोवतालचा पृष्ठभाग खड्ड्याच्या पातळीपर्यंत तासावयाचा, आणि नंतर ओल द्यावयाची. दाबलेले तंतू फुगून वर येतात आणि भेकाच्या पाठीवरील पुटकुळ्या जणू आपोआप उगवतात. ही युक्ती हस्तिदंतात साधत नाही. काष्ठप्राण्याला हस्तिदंती प्राण्याची स्वस्त आवृत्ती समजणे किती अन्यायाचे आहे, हे यावरून कळून यावे.

आता सहीकडे वळू. क्योतोचा मासानाओ आणि ईसेचा मासानाओ यांच्यात सुमारे एका शतकाचे अंतर आहे. नाव मात्र एकच. ईसे येथे ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. शिष्याने गुरूच्या नावातील एक अक्षर घ्यावे, किंवा वारसाने संपूर्ण नावच धारण करावे, ही जपानी कारागिरांची सर्वमान्य रीत होती व तीत फसवणुकीचा हेतू नसे. अर्थात फसवणूकही होतीच. तोमोतादाचे बसलेले बैल इतके लोकप्रिय झाले होते की, त्यांच्या नकला पुष्कळ होत असल्याची नोंद 'सोकेन किशो'नेच केली आहे. म्हणजे इ. स. १७८१ मध्येच ही सही संशयास्पद ठरली होती. तात्पर्य, सहीवरून एखाद्या परंपरेचा दावा कळतो. ती वस्तू कोणाच्या हातची हे ठरविण्यासाठी लाकूड, हत्याराची धाटणी आणि झीज यांचीच साक्ष काढावी लागते.

४

तिसरी साक्ष शब्दाची. हिचा उपयोग कारागीर ठरविण्यासाठी नव्हे, तर तो प्राणी तेथे का आहे हे जाणण्यासाठी होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते काष्ठप्राण्यांचे या दृष्टीने चार वर्ग पाडता येतील.

पहिला वर्ग श्लेषाचा. जपानीत बेडकाला 'काएरु' म्हणतात, आणि 'परत येणे' या क्रियापदाचाही उच्चार 'काएरु' असाच आहे. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या कमरेला बेडूक असणे म्हणजे 'सुखरूप परत ये' असे म्हणणे होय. ईसेजवळील फुतामी येथील देवस्थानात बेडकांच्या मूर्ती दिसतात, त्यांमागे हाच श्लेष आहे. ईसेचे यात्रेकरू परतताना मासानाओ घराण्याचे बेडूक घेऊन जात, असे मानले जाते. गवती पादत्राणावर बसलेला बेडूक पाहिला की प्रवासाचा संदर्भ अधिकच उघड होतो. तीन माकडांचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. महात्मा गांधींच्या नावाशी ती मूर्ती भारतात कायमची जोडली गेली आहे. जपानीत 'मिझारु, किकाझारु, इवाझारु' म्हणजे 'न पाहणारा, न ऐकणारा, न बोलणारा'. यांतील 'झारु' हा जुन्या जपानी व्याकरणातील नकारदर्शक प्रत्यय आहे, आणि माकडाला म्हणतात 'सारु'. समासात त्याचाही उच्चार 'झारु' होतो. निक्को येथील तोशोगू देवस्थानाच्या अश्वशाळेवर सतराव्या शतकात कोरलेली ही माकडे सर्वांत प्रसिद्ध आहेत. उपदेश कोठूनही आलेला असो, त्याला माकडाचे रूप मिळाले ते या प्रत्ययामुळे, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरा वर्ग पंचांगाचा. चीनकडून आलेल्या बारा वर्षांच्या चक्रातील उंदीर, बैल, वाघ, ससा, नाग आदी प्राणी नेत्सुकेंत विपुल आढळतात. आपल्या जन्मवर्षाचा प्राणी बाळगण्याची आवड त्यामागे होती. येथे भाषेची एक मौज आहे. उंदराला जपानीत 'नेझुमी' म्हणतात, पण त्याचे वर्ष 'ने'. ससा 'उसागी', पण वर्ष 'उ'. साप 'हेबी', पण वर्ष 'मी'. पंचांगातील प्राण्याचे नाव आणि व्यवहारातील नाव अशी दुहेरी व्यवस्था तेथे रूढ झाली. चक्राच्या शेवटच्या स्थानी चीनमध्ये पाळीव डुक्कर आहे; जपानात त्याच स्थानी रानडुक्कर आले. नेत्सुकेंत पाळीव डुकराऐवजी पाचोळ्यात झोपलेले रानडुक्कर वारंवार का दिसते, याचे उत्तर या बदलात आहे.

तिसरा वर्ग कथेचा. आणि येथे भारताचा संबंध प्रत्यक्षच येतो. माकड आणि जेलीफिश अशी एक जोडी नेत्सुकेंत आढळते. समुद्रातील नागराजाच्या घरी दुखणे आले व औषध म्हणून माकडाचे काळीज हवे झाले; माकडाला पाठीवर घेऊन येणाऱ्या जलचराने वाटेत गुपित फोडले; माकडाने 'काळीज झाडावरच राहिले' असे सांगून सुटका करून घेतली. हा बेत फसल्यामुळे जेलीफिशला इतका मार बसला की, त्याच्या अंगात हाड उरले नाही. 'पंचतंत्रा'च्या 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्रातील माकड व मगर यांची गोष्ट वाचलेल्या कोणाही मराठी वाचकास ही कथा नवी वाटणार नाही. बौद्ध जातकांतही ती आहे. जपानातील 'कोंजाकु मोनोगातारी-शू' या बाराव्या शतकातील कथासंग्रहाच्या भारतविषयक विभागात माकड व कासव यांच्या रूपात ती येते. चंद्रावरील ससा हाही असाच प्रवासी आहे. अतिथीसाठी अग्नीत देह टाकणाऱ्या सशाची जातककथा त्याच संग्रहात समाविष्ट आहे. संस्कृत 'शशांक' आणि 'शशी' या शब्दांत जो ससा आहे, तोच जपानात चंद्रावर उखळात भात कांडताना दिसतो, आणि उखळ-मुसळासह नेत्सुकेही होतो. उंदीर हा दाइकोकु या समृद्धिदेवतेचा सेवक मानला जातो. 'दाइकोकु' म्हणजे 'महान काळा'. हे 'महाकाल' या संस्कृत नावाचे, 'काल' शब्दाचा 'काळा' असा अर्थ घेऊन केलेले भाषांतर आहे. जपानी पुराणातील ओकुनिनुशी या देवाच्या नावातील चिन्हेही 'दाइकोकु' अशी वाचता येतात. त्या देवाला आगीतून उंदराने वाचविल्याची कथा असल्यामुळे, दोन देवांच्या नावांच्या साम्यातून उंदीर महाकालाच्या पायाशी आला, असे स्पष्टीकरण दिले जाते.

चौथा वर्ग निव्वळ निरीक्षणाचा. आणि त्याचा निर्देश मुद्दाम करणे आवश्यक आहे. अंग चाटणारे कुत्रे, चेस्टनट खाणारे माकड, शंखात अर्धी शिरलेली गोगलगाय यांना दरवेळी गूढ अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. ध्वनिसाम्य सापडले की अर्थ सापडला, असे मानणे भाषाभ्यासकाला शोभत नाही. श्लेष तेव्हाच मान्य करावा, जेव्हा पादत्राण, यात्रास्थान, सोबतचा दुसरा प्राणी अशी एखादी स्वतंत्र खूण त्याला दुजोरा देते. जेलीफिशवाचून माकड हे केवळ माकडच होय.

५

मेइजी पुनःस्थापनेनंतर (१८६८) जपानी नगरवासी पुरुष पाश्चात्त्य पोशाख घालू लागले. त्या पोशाखाला खिसे होते. आणि सिगारेट आल्यावर पिशवीचीही गरज उरली नाही. नेत्सुके निरुपयोगी झाली तोच युरोपात तिला मागणी आली. शार्ल एफ्रुसी यांनी १८७०च्या दशकात पॅरिसमध्ये २६४ नेत्सुकेंचा संपूर्ण संग्रह खरेदी केला. त्यांच्याच घराण्यातील एडमंड द वाल यांच्या २०१० मधील ग्रंथामुळे तो आज प्रसिद्ध आहे. परदेशी ग्राहकांसाठी तयार होऊ लागलेल्या नव्या वस्तूंत पट्ट्याचे भान हळूहळू सुटत गेले. कधी अवयव मोकळे पसरले, तर कधी छिद्रे केवळ रीत म्हणून पाडली गेली. अभ्यासाची पायाभरणीही बरीचशी या संग्राहकांनीच केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आल्बर्ट ब्रॉकहाउस यांचा जर्मन ग्रंथ १९०५ मध्ये निघाला. जपानीत उएदा रेइकिची यांचे संशोधन १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि रेमंड बुशेल यांनी १९६१ मध्ये ते इंग्रजीत आणले. संग्राहकाला मात्र स्वभावतः नाव हवे असते; त्यामुळे या अभ्यासाचा कल कारागिरांच्या याद्या आणि सह्या यांकडे राहिला.

१९९० पासून हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, व त्यानंतर अनेक देशांनी जुन्या हस्तिदंती वस्तूंच्या विक्रीवरही कडक निर्बंध घातले. त्यामुळे लाकडी नेत्सुकेंकडे लक्ष वळत आहे. ही संधी आहे, आणि धोकाही. कारण मागणी वाढली की सह्याही वाढतात. अशा वेळी सूचिकाराने एखाद्या काष्ठप्राण्याची नोंद करताना 'बेडूक, त्सुगे लाकूड, सही मासानाओ' एवढ्यावर थांबू नये. दोरी कोठून जात होती, झीज कोणत्या बाजूस आहे, लाकूड कोणत्या प्रांताचे आहे, आणि त्या प्राण्याचे नाव जपानी कानाला आणखी काय सांगत होते, या चार प्रश्नांची उत्तरे नोंदली जावीत. ज्याने तो बेडूक कोरला त्याचे नाव कदाचित कधीच निश्चित होणार नाही. पण ज्याने तो कमरेला लावून प्रवास केला, आणि ज्याच्या अंगठ्याने त्याची पाठ गुळगुळीत झाली, त्या माणसाची साक्ष लाकडात टिकून आहे. ती वाचण्याचे काम अद्याप बरेच शिल्लक आहे.